नळी बसणं वेगळं, नळी जुळणं वेगळं

तात्यांची दुनळी माळवदाच्या घरात खुंटीला टांगलेली असायची. तात्या गेले, बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली, परवाना दादाच्या नावावर व्हायला वर्ष उलटलं. बंदूक घरी आली तेव्हा सगळ्यांनी दस्त्यावरची धूळ पुसली, पण नळीत डोकावलं कुणीच नाही. आत कुंभारणीनं चिखलाचं घर केलं होतं. हरभऱ्यात डुकरं शिरली त्या रात्री दादानं एक बार काढला. नळी फुटली नाही हे नशीब. डाव्या नळीला मधोमध बांगडीसारखा फुगवटा मात्र आला. डोळ्याला दिसत नाही, पण अंगठा फिरवला की अडतो.

मग नळी बदलायची ठरली, आणि तिथून घोळ सुरू झाला. एका दुकानदारानं सांगितलं, "बारा बोरची जुनी दुनळी नळी आहे आपल्याकडं, बसते का बघू." बसली की! खटकन बंद झाली. दादा खिशात हात घालणार, तेवढ्यात आमच्या तालुक्याच्या गावातले मिस्त्री म्हणाले, "बसली हो, पण जुळली कुठंय?"

बसणं आणि जुळणं या दोन गोष्टी आपण एकच धरतो. सगळी चूक तिथं होते, म्हणून दोन्ही जरा उलगडून सांगतो.

नळी बसते ती पंपाच्या (पुढची पकड मागं-पुढं ओढून चालणाऱ्या) किंवा सेमी-ऑटोमॅटिक (पुढचं काडतूस आपोआप भरणाऱ्या) बंदुकीत. पुढची टोपी फिरवून काढायची, जुनी नळी ओढून घ्यायची, नवी सरकवायची, टोपी घट्ट करायची. हे इतकं सोपं असण्यामागं कारण आहे. अशा बहुतेक बंदुकांत नळीच्या मागच्या टोकाला पोलादाचा वाढीव तुकडा असतो आणि बोल्ट, म्हणजे काडतुसामागचा मागं-पुढं सरकणारा अडसर, त्यातच अडकतो. म्हणजे काडतुसाचं घर आणि कुलपाची जागा दोन्ही नळीबरोबरच येतात. बार उडाल्याचा जोर नळी आणि बोल्ट आपसात झेलतात, बाकीचा सांगाडा नुसता धरून ठेवतो. म्हणून त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची, काडतुसाच्या तेवढ्याच घराची नळी असेल तर कानशीला हात लावावा लागत नाही. "त्याच मॉडेलची" हे मात्र शब्दशः घ्यायचं. दिसायला सारखी चालत नाही.

दुनळीचं तसं नाही. तिची नळी बिजागरीवर मोडते. नळ्यांच्या पोटाला खाली पोलादी ठोकळा असतो. त्याच्या पुढच्या अंगाला आकड्यासारखी खाच असते, ती बिजागरीच्या खिळ्यावर फिरते. मागच्या खाचांत खालून खटका येऊन अडकतो. नळ्यांची मागची तोंडं अॅक्शनच्या, म्हणजे दस्त्याला जोडलेल्या लोखंडी भागाच्या, उभ्या भिंतीला टेकतात, आणि बार निघतो तेव्हा काडतुसाचं बूड थेट या भिंतीवर दाबतं. म्हणजे खिळा, खटका आणि भिंत, तिन्हीकडं एकाच वेळी टेकली तरच नळी जुळली म्हणायची. एका ठिकाणी केसभर कमी भरली तरी बंदूक बंद होताना आवाज तोच येतो, खट्. आवाजावर जाऊ नये.

जुन्या हातघडीच्या बंदुकीत कारागिरानं ही नळी त्या एकाच भिंतीसाठी घासलेली असते. नळीच्या पोटाला, अॅक्शनला आणि पुढच्या लाकडी पकडीच्या लोखंडाला एकच नंबर ठोकलेला सापडतो, तो त्यासाठीच. हे तिन्ही भाग एका घरचे, असं तो नंबर सांगतो. दुसऱ्या बंदुकीची नळी आणली तर ती बोरानं सख्खी असेल, घरानं परकीच.

मिस्त्रींनी काय केलं ते सांगतो, म्हणजे लक्षात येईल. त्यांनी रॉकेलची चिमणी पेटवली, वात जरा मोठी केली आणि नळीच्या मागच्या तोंडाला काजळी धरली. काळं पातळ मखमलीसारखं झाल्यावर बंदूक अलगद बंद केली, उघडली, आणि भिंत आम्हाला दाखवली. जुळलेल्या नळीची काजळी भिंतीवर सगळीकडं सारखी उमटायला हवी. इथं वरच्या काठाला दोन काळे ठिपके होते, बाकी भिंत लख्ख. मग पुढची पकड काढून नळी हातात हलवली तर बारीक टकटक ऐकू आली. शेवटी बंदूक खिडकीसमोर आडवी धरली. नळी आणि भिंत यांच्या मधून उजेडाची रेघ दिसत होती.

रेघ कागदाइतकी का असेना, तिचा अर्थ वाईट आहे. बार निघतो तेव्हा काडतुसाच्या बुडाला टेकायला भिंत मिळत नाही. काडतुसाच्या बुडातली ठिणगीची टोपी मागं सरकते, पितळी बूड चिरू शकतं, आणि जळता वायू मागं येतो. मागं कोण असतं? ज्याचा गाल दस्त्याला टेकलेला आहे तो. काही जण अशा वेळी आकड्याच्या खाचेत पातळ पत्र्याची पट्टी ठोकून फट बुजवतात. काजळीही छान उमटते. चार बारांत पट्टी चेपते आणि फट पुन्हा तिथंच. बंदूक विकायची असेल तर ही युक्ती कामाची, चालवायची असेल तर नाही. अशा युक्त्या करणाऱ्याकडं मी सायकलसुद्धा टाकणार नाही.

आता बोराचं. बारा बोर म्हणजे बारा मिलिमीटर नव्हे, इंचाशीही त्याचा संबंध नाही. एक पौंड शिशाचे बारा सारखे गोळे केले तर त्यातला एक ज्या नळीत बसेल ती बारा बोर. व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर. यातून नळीचा आतला व्यास तेवढा कळतो. काडतुसाच्या घराची लांबी कळत नाही, आणि तीच घातक ठरते. जुन्या विलायती बंदुकांत घर बहुधा अडीच इंची, म्हणजे साधारण 65 मिलिमीटरचं. आज 70 मिलिमीटरची काडतुसं सर्रास मिळतात. ती जुन्या घरात आरामात जातात, कारण काडतुसावर लिहिलेली लांबी बार झाल्यावर तोंडाची घडी उघडल्यानंतरची असते. घडी उघडायला जागा नसली की तोंड पुढच्या निमुळत्या भागात कोंडतं आणि दाब चढतो. इथंही तेच. काडतूस बसलं, जुळलं नाही. जुन्या नळीवर लाकडाच्या रेषांसारखी नक्षी दिसली तर आणखी सावध व्हा. ती लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली नळी, मुळात काळ्या दारूच्या जमान्यातली.

दुनळीला आणखी एक वाटही आहे. मूळ ठोकळा आणि मागचा थोडा भाग ठेवायचा, पुढच्या नळ्या कापायच्या आणि नव्या आत बसवायच्या. भिंतीशी जुळणी जुनीच राहते. इंग्लंडमध्ये असं काम झाल्यावर नळीची पुन्हा दाबचाचणी आणि तसा शिक्का सक्तीचा असतो. काम अवघड आहे आणि हौशी माणसाचं तर मुळीच नाही.

कागदांचीही हीच कथा. शस्त्र अधिनियम 1959 मध्ये शस्त्राच्या व्याख्येत सुटे भाग येतात, त्यामुळं नळी म्हणजे पाइपचा तुकडा नव्हे. दुरुस्ती परवानाधारकाकडूनच करायची. नळी आखूड करायची झाली तरी परवाना लागतो, नंबर खोडणं हा गुन्हाच. परवान्यावर डीबीबीएल (मागून भरायची दुनळी) लिहिलंय आणि नंबर अमुक आहे, तर बदललेल्या नळीबद्दल आधी जिल्हाधिकारी कार्यालयात विचारून घ्यावं. छत्रपती संभाजीनगर शहरात असाल तर पोलीस आयुक्तालयात. आणि बंदूक वारशानं आली म्हणजे परवानाही आला असं नाही. शस्त्र नियम 2016 प्रमाणं वारसाला अर्ज करावा लागतो. परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा शस्त्र पंचवीस वर्षं त्याच्याकडं राहिलं, तर हयातीतच वारसाचं नाव देता येतं. तात्यांनी तेवढं केलं असतं तर बंदूक ठाण्यात पडून राहिली नसती.

"शिकारीला लांब नळी बरी," असं अजून पारावर ऐकू येतं. निजामाच्या अमलात आमच्या आजोबांनी हरणं मारल्याच्या गोष्टी घरोघरी आहेत. पण 1972 चा वन्यजीव कायदा आला आणि आता हरीण राहू द्या, पिकात शिरलेल्या डुकरालाही वन खात्याच्या परवानगीशिवाय हात लावता येत नाही. शिवाय छर्रे किती पसरतात हे नळीच्या तोंडाशी असलेला चोक, म्हणजे तिथला आवळपणा, ठरवतो. लांबीनं नेम घ्यायला सोपं जातं, एवढंच.

दुकानातली नळी परत गेली. मिस्त्रींनी भिंतीवरचे दोन काळे ठिपके चिंधीनं पुसले आणि मजुरी घेतली नाही. दादानं दुनळी रीतसर जमा केली. डुकरांसाठी त्यानं बांधावर तारेला तेलाचे रिकामे डबे बांधलेत. रात्री दोनदा उठून दोरी ओढतो.