हार्मोनची तांबी बसवल्यावर पाळीचं काय होतं?

(बसवून घेतलेल्यांसाठी, आणि अजून ठरत नाहीये त्यांच्यासाठीही)

दवाखान्यात सर्वांत जास्त येणारा फोन असा असतो: "डॉक्टर, बसवून दोन महिने होत आले, रोज थोडं थोडं जातंच आहे. काढूनच टाका." बसवण्याआधी आम्ही हे सगळं सांगतो. पण त्या दिवशी पोटात गोळा आलेला असतो, कानावर पडलेलं डोक्यात राहत नाही. म्हणून हा कागद. घरी निवांत वाचा, नवऱ्यालाही वाचायला द्या.

आम्ही बहुतेक जणींना बसवतो ती 52 मिलिग्रॅम लेव्होनॉर्जेस्ट्रेल या हार्मोनची, म्हणजे मिरेना किंवा त्याच प्रकारची तांबी. गर्भाशयात बसणारी प्लास्टिकची छोटी टी, तिच्या दांडीत हे औषध, आणि खाली दोन बारीक धागे. सुरुवातीला रोज साधारण 20 मायक्रोग्रॅम औषध सुटतं, पुढे ते हळूहळू कमी होतं. कॉपर-टीचा अनुभव असलेल्या बहिणीला किंवा मैत्रिणीला विचारून घाबरू नका. कॉपर-टीने पाळी जास्त जाऊ शकते, पोटात जास्त दुखू शकतं. हार्मोनच्या तांबीचं उलट आहे. पाळीत फार जातं म्हणून आमच्याकडे येणाऱ्या कित्येक जणींना ती गर्भनिरोधक म्हणून नको असते, रक्तस्राव आटोक्यात यावा म्हणून हवी असते.

आता पहिल्या महिन्यांचं. दर महिन्याला गर्भाशयाचं आतलं अस्तर जाड होतं आणि पाळीत ते पडून जातं. तांबीतलं औषध हे अस्तर वाढू देत नाही, पातळ ठेवतं. पण ते एका रात्रीत पातळ होत नाही, आणि सगळीकडे सारखं होत नाही. या काळात अस्तराच्या वरच्या थरातल्या नाजूक रक्तवाहिन्या मध्येच फुटतात आणि डाग दिसतात. कधी तपकिरी, कधी गुलाबी, कधी चार दिवस कोरडे जाऊन पुन्हा सुरू. पहिले 3 ते 6 महिने हे चालतं. तांबी अंगाला लागली नाही किंवा उष्णता झाली, असा याचा अर्थ नाही. औषध काम करू लागलं की असंच होतं.

इथेच सगळ्यांत महागात पडणारी चूक होते: दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात कंटाळून काढून टाकणं. त्रासाचा भाग भोगून झालेला असतो आणि आराम मिळायची वेळ येते, तेव्हाच ती बाहेर येते. पुढे वर्षभराने पाळीचा जुना त्रास घेऊन त्याच बाई परत येतात, पुन्हा बसवतात, आणि पहिले तीन महिने पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. थांबणाऱ्यांचं काय होतं? ज्यांना पाळीत फार जात होतं, त्यांचा रक्तस्राव सहा महिन्यांत साधारण 80 टक्क्यांहून जास्त कमी होतो. वर्षाच्या शेवटी पाच जणींपैकी एकीची पाळी पूर्ण थांबलेली असते. बाकीच्यांना दोन-तीन दिवस हलकी पाळी येते, किंवा नुसते डाग. तुमचं नेमकं कसं होईल हे आधी सांगता येत नाही. कमी औषधाच्या छोट्या तांब्याही मिळतात. त्यांच्यात पाळी थांबण्याचं प्रमाण कमी असतं. पाळी थांबलेली मनाला पटतच नसेल, तर हे बसवण्याआधी बोलू.

आम्ही काढायला नकार देतो असा गैरसमज नको. काढायची म्हणाल तर काढतो. धागा धरून ओढायचं, बहुतेक वेळा मिनिटभराचं काम. फक्त आधी विचारतो की किती जातंय. आणि उत्तर येतं, "सारखंच." आता "सारखंच" यावरून काय ठरवायचं? म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक खूण करा. नुसता डाग, पॅड लागलं नाही: एक टिंब. पॅड लागलं: एक फुली. किती पॅड बदलले तो आकडा शेजारी. मोबाइलमधलं अ‍ॅपही चालेल, पण रोज भरा, आठवून नको. तीन महिन्यांचं पान समोर ठेवलं की बहुतेक जणींना स्वतःलाच दिसतं की फुल्या कमी होऊन टिंबं उरली आहेत. अशा वेळी आम्हाला फार काही बोलावं लागत नाही.

दुसरी एक विनंती: डाग थांबावेत म्हणून मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणून घेऊ नका. त्याने चार दिवस बरं वाटतं, गोळ्या बंद केल्या की पुन्हा जातं, आणि तांबीमुळे काय आणि गोळ्यांमुळे काय, हे आम्हालाही कळेनासं होतं. फारच त्रास असेल तर या. काही जणींना थोड्या दिवसांच्या वेदनाशामक गोळ्यांनी फरक पडतो, पण आधी तपासून.

पाळी थांबली की पुढचा प्रश्न ठरलेला: "मग घाण आत साठत असेल ना?" नाही. अस्तर तयारच झालं नाही तर पडणार काय? आत काही साठत नाही, गाठ होत नाही, पुढे मूल व्हायला अडचण येत नाही. शिवाय अंडाशयाचं काम बहुतेक जणींमध्ये चालूच राहतं. म्हणून पाळी आली नाही तरी दर महिन्याला छाती जड वाटणं, चिडचिड होणं असं होऊ शकतं. यात काही बिघडलेलं नाही. पाळी थांबणं म्हणजे रजोनिवृत्तीही नव्हे.

दिवस जाण्याची भीती? पहिल्या वर्षात हजारात साधारण दोघींना दिवस जातात, म्हणजे शक्यता फार थोडी. तरी मळमळ वगैरे वाटली तर घरीच लघवीची तपासणी करा आणि पॉझिटिव्ह आली तर त्याच दिवशी या. तांबी असताना गर्भ राहिलाच, तर तो गर्भाशयाबाहेर, गर्भनलिकेत असण्याची शंका आधी दूर करावी लागते.

"बसवायला पाच मिनिटं, मग आधी सोनोग्राफी कशाला?" हेही ऐकावं लागतं. ज्यांना रक्तस्राव जास्त आहे, त्यांच्या गर्भाशयात फायब्रॉइड (स्नायूंची गाठ) किंवा पॉलिप (अस्तराचा वाढलेला कोंब) नाही ना, हे पाहायलाच हवं. पोकळी वेडीवाकडी असेल तर तांबी नीट बसत नाही, खाली सरकते. पंचेचाळिशीनंतर अनियमित जात असेल तर अस्तराचा तुकडाही तपासायला पाठवतो. कुणी न बघता बसवून देत असेल तर देवो; आम्ही देत नाही.

पाळी सुरू झाल्यापासून सात दिवसांच्या आत बसवली तर गर्भनिरोधक म्हणून लगेच काम करते. नंतर बसवली तर पुढचे सात दिवस कंडोम वापरा. चार ते सहा आठवड्यांनी धागा बघायला बोलावतो, तिसऱ्या महिन्यात कॅलेंडर बघायला. या दोन्ही भेटींचे वेगळे पैसे घेत नाही, तेव्हा टाळू नका.

मेन्स्ट्रुअल कप वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. कप काढताना आधी बुडाशी चिमटीत दाबून आतली हवा सोडा, मग बाहेर घ्या. तसाच ओढला तर तांबी सरकू शकते. धागा कपात अडकत असेल तर आम्ही तो आखूड करून देतो.

वाट न पाहता फोन करायचा तो यासाठी: तासाला एक पॅड पूर्ण भिजतंय आणि असं सलग दोन तास चाललंय, ताप, घाण वास येणारा स्राव किंवा ओटीपोटात जोराची कळ, विशेषतः पहिल्या तीन आठवड्यांत, धागा हाताला लागत नाही, अचानक लांब वाटतो किंवा टीचं टोक टोचतं. पाळी महिनोन्‌महिने थांबलेली असताना एकदम पूर्वीसारखी भरपूर आली, तर तांबी पडली असण्याची शक्यता असते. तोवर कंडोम वापरा आणि या.

काढायचं ठरलं असेल तर आदल्या सात दिवसांतल्या संबंधांबद्दल मोकळेपणाने सांगा. काढल्यावर गर्भधारणेची क्षमता लगेच परत येते. बसवल्याच्या दिवशी दिलेलं कार्ड जपून ठेवा, त्याचा फोटो मोबाइलमध्ये घ्या. 52 मिलिग्रॅमची तांबी गर्भनिरोधनासाठी 8 वर्षांपर्यंत चालते, पण जास्त रक्तस्रावासाठी बसवली असेल तर 5 वर्षांनी बदलायची. तारीख तुम्ही विसरलात तरी आमच्या वहीत असते. महिनाभर आधी आम्हीच फोन करतो.