कलम ६६अ कधीच रद्द झालंय

‘फेसबुकवर सरकारविरुद्ध लिहिलंत तर ६६अ लागेल, तीन वर्षं आत!’ डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत वाडीवाडीच्या ग्रुपवर हा इशारा अजून फिरतो. तो चुकीचा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवलं.

आणि त्या लढ्याची ठिणगी आपल्याच किनारपट्टीवर पडली. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल लिहिलं म्हणून पालघरच्या एका तरुणीला अटक झाली. पोस्ट नुसती लाइक करणाऱ्या तिच्या मैत्रिणीलाही! त्यानंतर श्रेया सिंघल या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. कुणाला ‘त्रास’ झाला, ‘गैरसोय’ झाली, अशा मोघम शब्दांवर माणूस तुरुंगात घालता येणार नाही, हे न्यायालयाने मान्य केलं.

तरीही पोलीस ठाण्यांत गुन्हे नोंदवले जात राहिले, ही खरी चीड आणणारी गोष्ट. शेवटी ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं की या कलमाखाली कुणावरही खटला चालवू नका.

धमकी, बदनामी, धर्माधर्मांत तेढ लावणं हे मात्र आजही गुन्हेच आहेत, वेगळ्या कलमांखाली. पण बंदरावरच्या जेटीची, महामार्गाच्या खड्ड्यांची तक्रार बिनधास्त लिहा.