कबड्डीतील बचाव (विशेषतः ग्रामीण विदर्भाच्या संदर्भात)

चढाईवर आलेल्या प्रतिस्पर्ध्याला त्याचा दम व वेळ संपेपर्यंत मध्यरेषेपलीकडे परतू न देण्याची बचाव संघाची सामूहिक क्रिया. यात पकड, अडवणूक, साखळी, माघार व घेराव या सर्वांचा समावेश होतो. खेळाचे सर्वसाधारण नियम व गुणपद्धती ‘कबड्डी’ या नोंदीत आलेली असल्याने येथे फक्त बचावाशी निगडित बाबींचाच विचार केला आहे.

बचावतंत्राचा उगम अभिमन्यूच्या चक्रव्यूहभेदाशी जोडण्याची प्रथा लोकप्रिय लेखनात रूढ आहे. एकटा वीर शत्रूच्या गोटात शिरतो, सात जण त्याला घेरतात आणि त्याची परतीची वाट बंद होते, हे साम्य मनोवेधक आहे यात शंका नाही. परंतु द्रोणपर्वात अभिमन्यूला घेरणारे रथी सहा सांगितले आहेत. सात महारथींची कथा नंतरच्या सांगण्यातून पसरली असावी, तर सात खेळाडूंचा संघ नियम बांधले जाताना स्थिरावलेला दिसतो. तेव्हा या साम्याला ऐतिहासिक पुरावा मानता येत नाही. दुसरे मत हा खेळ शिकार आणि टोळीयुद्धाच्या सरावातून उद्भवला असे मानते. तमिळ प्रदेश व महाराष्ट्र या दोहोंकडून त्याच्या जन्मस्थानाचा दावा केला जातो. बचावापुरते पाहिले, तर जन्मस्थानाच्या वादापेक्षा ‘बाद झालेल्याचे काय होते’ हा प्रश्न अधिक उपयोगी ठरतो. कारण पकड करायची की माघार घ्यायची, हे अखेर त्याच नियमावरून ठरते.

महाराष्ट्रात पूर्वी हुतूतू या नावाने खेळल्या जाणाऱ्या या खेळाच्या तीन पद्धती सांगितल्या जातात. अमर पद्धतीत बाद झालेला खेळाडू मैदानातच राही व प्रतिपक्षाला गुण मिळे. त्यामुळे बचावफळी कधीच विरळ होत नसे आणि फसलेल्या पकडीची किंमत एका गुणापुरतीच असे. गामिनीत बाद झालेला खेळाडू सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेर बसे. तेथे एक चुकीची पकड पुढच्या साऱ्या बचावाला भोके पाडत असल्याने हात आखडता ठेवणेच शहाणपणाचे होते. संजीवनीत मात्र प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला एक गडी जिवंत होई, म्हणजे यशस्वी पकडीने शत्रू एकाने घटे आणि आपली फळी एकाने वाढे. साधारणतः १९२१ च्या सुमारास महाराष्ट्रात संजीवनी व गामिनी यांचा मेळ घालून नियम केले गेले आणि १९२३ मध्ये बडोद्याच्या स्पर्धेत सुधारित नियम लावले गेले, असे बहुतेक संकलनांत दिले आहे. नेमक्या वर्षांबाबत त्यांत थोडाफार फरक आढळतो. आजचा आक्रमक बचाव या मेळातूनच संभवला, हे मत अधिक ग्राह्य वाटते. गामिनीच निर्विवाद टिकली असती, तर कोपऱ्यातून झेप घेऊन घोटा धरण्याची जोखीम फारच थोड्यांनी पत्करली असती.

विदर्भाचा या इतिहासातील ठळक उल्लेख अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा आहे. १९१४ साली वैद्य बंधूंनी सुरू केलेल्या आखाड्यातून वाढलेल्या या संस्थेच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन येथे इतर भारतीय खेळांबरोबर कबड्डीचे प्रात्यक्षिक केले. ‘कबड्डी ऑलिंपिकमध्ये खेळली गेली’ असे यावरून सर्रास लिहिले जाते. तथापि त्या वर्षीच्या बर्लिन ऑलिंपिकचे अधिकृत प्रदर्शनीय खेळ बेसबॉल आणि ग्लायडिंग हे होते. मंडळाचे प्रात्यक्षिक ऑलिंपिकच्या निमित्ताने, पण स्पर्धा कार्यक्रमाबाहेर झाले, असे मानणे योग्य. त्याने या प्रसंगाचे मोल कमी होत नाही: वऱ्हाडातल्या एका आखाड्यातली मुले जगासमोर हा खेळ खेळली. १९३८ मध्ये कलकत्त्याच्या भारतीय ऑलिंपिक स्पर्धांत कबड्डीचा समावेश झाला आणि १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला.

पुरुषांचे मैदान १३ × १० मीटर असते. प्रत्येक संघाच्या वाट्याला ६.५ मीटर खोली येते. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदान रेषा आणि तिच्यापुढे १ मीटरवर बोनस रेषा असते. दोन्ही बाजूंच्या १ मीटर रुंदीच्या लॉबी (कडेच्या पट्ट्या) झटापट सुरू झाल्यावरच खेळात येतात. बचावाची सारी आखणी या अंतरांवर उभी आहे. चढाईपटूला निदान रेषा ओलांडणे किंवा कुणाला तरी शिवणे भाग असते, म्हणजे कुणाला शिवता आले नाही, तर पावणेचार मीटर आत यावेच लागते. बचावपटू त्याला आणखी अर्धापाऊण मीटर आत ओढू शकले, तर परतीला एक पाऊल जास्त लागते आणि पकडीला तेवढी सवड पुरते.

सात जणांत दोन कोपरारक्षक, त्यांच्या लगतचे दोन, दोन मध्यरक्षक ज्यांना खेळाडू ‘कव्हर’ म्हणतात, आणि मधला गडी अशी रचना असते. शेजारी शेजारी हात धरून साखळी करतात. ही साखळी सरळ न राहता अर्धचंद्राकार असते व चढाईपटूबरोबर एकदमच हलते. तो डाव्या कोपऱ्याकडे वळला की डावी बाजू मागे सरते, उजवी बाजू मात्र पुढे येऊन मध्यरेषेकडची वाट अरुंद करते. गावच्या मैदानांवर नेमकी हीच दुसरी हालचाल राहून जाते. ज्या बाजूला चढाई नाही त्या बाजूचे खेळाडू प्रेक्षक होऊन उभे राहतात, आणि कोपऱ्याने प्राणपणाने धरलेला घोटा मदतीअभावी सुटतो. पकड करणारा हात एकाचा असला, तरी ती यशस्वी होते ती दुसऱ्या-तिसऱ्याच्या धावण्याने. एका क्षणाचा उशीरही महागात पडतो, कारण चढाईपटूचे बोट जरी मध्यरेषेला लागले, तरी त्याला धरून असलेले सगळेच बाद होतात.

घोटा पकड हे कोपरारक्षकाचे मुख्य अस्त्र. चढाईपटू पाय लांबवून शिवायला येतो किंवा वळतो, तेव्हा त्याचा भार दुसऱ्या पायावर असतो. त्याच क्षणी दोन्ही हातांनी घोटा धरून वर आणि मागे ओढायचा. पाय टेकल्यानंतर घेतलेली पकड बहुधा फुकट जाते. मांडी पकड मागून किंवा बाजूने, दोन्ही हातांची मिठी घालून केली जाते; तिला ताकद अधिक लागते, पण चुकण्याचा धोका कमी असतो. कंबर पकड उंच व वजनदार खेळाडूला सोयीची. अडवणूक हे मध्यरक्षकांचे काम: परतणाऱ्या चढाईपटूच्या वाटेत छाती-खांद्याने आडवे येणे. साखळीने धडक देऊन त्याला हद्दीबाहेर घालवण्याचा डाव व्यावसायिक सामन्यांमुळे फार वाढला आहे. कोपऱ्यातील पकड शक्यतो मैदानाच्या आतल्या अंगाने घ्यावी लागते, कारण झटापट सुरू होताच लॉबी उघडते आणि चढाईपटूला १ मीटर जास्त जागा मिळते. तोंड दाबणे, पायांची कात्री घालणे, केस वा कपडे धरणे निषिद्ध आहे.

खेळाडूंची संख्या बदलली की डावपेच बदलतात. सहा किंवा अधिक बचावपटू असतील तरच चढाईपटूला बोनस रेषा ओलांडल्याचा बोनस गुण मिळतो. म्हणून तेव्हा फार मागे राहून चालत नाही. पाच किंवा कमी असताना फळी निश्चिंतपणे मागे राहू शकते आणि ३० सेकंद संपण्याची वाट पाहू शकते. तीन किंवा कमी उरल्यावर केलेल्या पकडीला एक जादा गुण असतो, त्यामुळे तिघांची फळी वाटते तेवढी दुबळी नसते. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्यावर तिसरीत गुण मिळवणे सक्तीचे ठरते. तेव्हा बचावाने स्वतःहून पुढे न जाता थांबणे अधिक फायद्याचे.

रग्बी लीगशी तुलना उद्बोधक आहे. तेथे १३ जणांचा संघ सहा टॅकलपर्यंत (चेंडू घेऊन धावणाऱ्याला पकडून पाडण्यापर्यंत) प्रतिपक्षाला रोखतो; प्रत्येक टॅकलनंतर चेंडू खेळला जातो तेथे बचाव संघाचे दोन खेळाडू (मार्कर) उभे राहतात आणि बाकीची फळी १० मीटर मागे हटून पुन्हा एकसंध पुढे येते. चेंडू कडेला जाऊ लागला की सारी फळी त्या दिशेला सरकते. एकाने एकट्याने पुढे धावून फळीत खिंड पाडणे हा दोन्ही खेळांतला समान दोष आहे.

ग्रामीण विदर्भात खुले सामने प्रामुख्याने दिवाळीनंतर माघ-फाल्गुनापर्यंत, बऱ्याचदा विजेच्या उजेडात, होतात. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या झाडीपट्टीत धानाची कापणी झालेल्या बांध्या (शेताचे तुकडे) मोकळ्या होतात व मंडईचा, म्हणजे गावोगावच्या जत्रांचा, हंगाम लागतो. वऱ्हाडात कापसाची वेचणी चालूच असते, म्हणून तेथे सामने रात्रीकडे झुकतात. काळी रेगूर माती उन्हात भेगाळते आणि ओली झाली की तळव्याला चिकटते. त्यामुळे ढेकळे फोडून, चाळलेली माती पसरून, पाणी शिंपडून मैदान दाबले जाते आणि फक्कीने आखले जाते. भुसभुशीत मातीत चढाईपटूच्या पावलाला उसळी मिळत नाही आणि घोटा पकड जास्त साधते. मॅटवर बूट घालून खेळताना उलट उडी व वळण वेगवान होते, तेथे धडक व अडवणूक अधिक कामी येते. मातीवर वाढलेला चांगला कोपरारक्षक मॅटवर गेल्यावर काही काळ चाचपडतो तो यामुळेच. त्याची गुणवत्ता कमी असते म्हणून नव्हे. निवड करणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घ्यायला हवा.

५५, ६०, ६५ किलो अशा वजनगटांचे सामने हे या भागाचे लक्षणीय वैशिष्ट्य. वजन बांधलेले असल्याने केवळ अंगबळावर चढाईपटू दाबता येत नाही, साखळीची शिस्त व वेळ साधणे यांवरच बचाव अवलंबून राहतो. तरीही बक्षिसे व कौतुक चढाईपटूकडे अधिक जाते आणि गावोगावची मुले चढाईच शिकू पाहतात. आंतरराष्ट्रीय पातळीवर २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत इराणने उपांत्य सामन्यात भारतीय पुरुषांना २७–१८ असे हरवले, त्यात त्यांच्या बचावाचा वाटा मोठा होता. फजल अत्राचली हा डावा कोपरारक्षक प्रो कबड्डीत पकडीच्या गुणांत अग्रणी ठरला आहे.

महिलांचे मैदान १२ × ८ मीटर, निदान रेषा ३ मीटरवर. रुंदी कमी असल्याने दोन कोपरे एकमेकींच्या जवळ येतात व घेराव लवकर मिटतो. शालेय स्पर्धांत १४, १७ व १९ वर्षांखालील मुलींचे संघ तालुक्यापासून अमरावती व नागपूर विभागापर्यंत खेळतात.