वायफायचं नाव लपवण्याआधी हे वाचा
आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक (दवाखाने, ऑफिसं, क्लास आणि दुकानं)

जोडणी पूर्ण करून आमचा माणूस निघाला की दारातच प्रश्न येतो, "आमचं वायफाय बाहेर कुणाला दिसणार नाही असं करून द्या ना." आम्ही सहसा नको म्हणतो आणि काय करायला हवं ते सांगतो. तरीही चार-आठ दिवसांत घरातला एखादा जाणकार मुलगा राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन 'हाइड एसएसआयडी'वर (एसएसआयडी म्हणजे वायफायचं नाव) टिचकी मारतो, आणि मग आम्हाला फोन येतो, "सकाळपासून नेट गेलंय."

नेट व्यवस्थित चालू असतं. नाव लपवल्यावर काही फोन जुन्या ओळखीवर जोडले जातात, काही जोडलेच जात नाहीत. दुपारी लाइट जाऊन आली की प्रिंटर परत येत नाही. वायफाय कॅमेऱ्याच्या ॲपमध्ये नेटवर्कच्या यादीत तुमचं नाव नसतं, त्यामुळे नवा कॅमेरा बसवता येत नाही. प्रत्येक उपकरणात नाव हाताने टाकावं लागतं, तेही अक्षर न् अक्षर तसंच: कॅपिटल-स्मॉल, मधली मोकळी जागा, सगळं. शिवाय सुरक्षेचा प्रकार निवडायचा आणि 'हिडन नेटवर्क'समोर 'होय' करायचं. ज्या प्रिंटरला छोटा पडदा आणि चारच बटणं आहेत, त्यावर हे करायला आमच्या माणसाची अर्धी दुपार जाते आणि तुमचे पेशंट किंवा पक्षकार तोवर खोळंबतात. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत सगळ्यात जास्त वेळ खाणारी तक्रार हीच आहे, म्हणून हे पत्रक.

नाव लपवलं तरी ते लपत का नाही

राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा स्वतःची जाहिरात हवेत सोडत असतो. नाव लपवलं म्हणून ही जाहिरात बंद होत नाही, फक्त तिच्यातली नावाची जागा कोरी राहते. बऱ्याच लॅपटॉपवर तुमचं नेटवर्क तरीही 'हिडन नेटवर्क' म्हणून यादीत येतं. पुढे तुमच्याच ऑफिसातला एखादा फोन जोडला गेला, की जोडणीच्या त्या क्षणी नाव उघड्या रूपात हवेतून जातं. पासवर्ड कितीही मजबूत असला तरी नावाला कुलूप नसतं. फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घेऊन बाहेर पायरीवर बसलेल्या माणसाला ते काही मिनिटांत कळतं.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. 'हिडन' म्हणून साठवलेलं नेटवर्क आपोआप सापडत नाही, म्हणून फोनला त्याचं नाव घेऊन हाक मारत फिरावं लागतं. म्हणजे तुमच्या रिसेप्शनवरच्या ताईंचा फोन मिरज जंक्शनच्या फलाटावर किंवा एसटी स्टँडवरही तुमच्या दवाखान्याचं नाव हवेत टाकू शकतो. नाव लपवून तुम्ही जे टाळायला निघालात, तेच गावभर होतं.

विंडोजमध्येही अशीच एक समजूत आढळते. शेअर केलेल्या फोल्डरच्या नावाच्या शेवटी डॉलरचं चिन्ह लावलं की तो फोल्डर यादीत दिसत नाही. पण नाव माहीत असलेला आणि परवानगी असलेला कुणीही तो उघडतो. सीएंच्या ऑफिसात 'एव्हरीवन'ला परवानगी दिलेले असे डॉलरवाले फोल्डर आम्ही पाहिले आहेत, त्यात ग्राहकांची पॅन कार्डं होती. कृपया परवानग्या बदला, चिन्हावर विसंबू नका.

मग आपण कुणाला दिसतो?

हे नीट समजून घेतलं तर अर्धे प्रश्न संपतात. ज्या नेटवर्कवर तुम्ही बसला आहात, तिथे पूर्ण अदृश्य होता येत नाही. एकाच नेटवर्कवरचं यंत्र "हा पत्ता कुणाचा?" असं विचारतं तेव्हा तुमच्या यंत्राला उत्तर द्यावंच लागतं, नाहीतर तुमच्या यंत्राला माहितीच पोचणार नाही. पिंग, म्हणजे "चालू आहेस का?" या विचारणेला उत्तर देणं बंद केलं तरी हे उत्तर जातंच. विंडोजमध्ये 'पब्लिक नेटवर्क' निवडलं की तुमचा संगणक इतरांच्या 'नेटवर्क' खिडकीत दिसत नाही आणि शेअरिंग बंद होतं. हॉटेलात, स्टेशनवर, परक्या ऑफिसात हे नक्की करा. पण राउटरला तुम्ही दिसताच.

ब्राउझरच्या इन्कॉग्निटो (खाजगी) खिडकीचा इथे उपयोग नाही. त्यामुळे फक्त तुमच्या संगणकावर इतिहास राहत नाही. साइटच्या पत्त्याला एचटीटीपीएस असेल तर राउटरवाल्याला पानातला मजकूर दिसत नाही, पण कुठल्या साइटवर गेलात ते बहुधा कळतं. व्हीपीएन (तुमची सगळी माहिती कुलूपबंद करून दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी सोय) लावलं तर साइटही झाकते, मात्र तुम्ही व्हीपीएन वापरता आहात हे दिसतं. काही ग्राहकांचे कर्मचारी आमच्या माणसाला हळूच विचारतात की ऑफिसच्या वायफायवर ऑफिसलाच दिसणार नाही असं काही करता येईल का. आमचं उत्तर ठरलेलं आहे: खाजगी कामासाठी स्वतःचा मोबाइल डेटा वापरा. मालकांनाही आमची विनंती आहे की नेटवर्कवर काय नोंदलं जातं हे कर्मचाऱ्यांना आधी सांगून ठेवा.

फोनचं 'प्रायव्हेट ॲड्रेस'

ही लपण्याची सोय मात्र खरी आणि कामाची आहे. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२० च्या आयओएस १४ पासून फोन प्रत्येक नेटवर्कला आपला खरा मॅक पत्ता (उपकरणाला कंपनीने दिलेला ओळख क्रमांक) न देता बनवलेला पत्ता देतो. त्यामुळे एका मॉलचं वायफाय दुसऱ्या मॉलमध्ये तुम्हाला त्या पत्त्यावरून ओळखू शकत नाही. बाहेर ती चालूच ठेवा.

अडचण येते ती राउटरमध्ये 'फक्त याच मॅक पत्त्यांना प्रवेश' अशी यादी केलेली असेल तिथे. फोन रीसेट केला किंवा नवा घेतला की पत्ता बदलतो आणि फोन बाहेर राहतो. राउटरच्या यादीत पत्त्याचं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो बनवलेला पत्ता समजा. उदाहरणार्थ 'डीए:४१:…' हा बनवलेला, 'डी४:४१:…' हा कंपनीने दिलेला. अशी यादी करून देणं आम्ही बंद केलं आहे. मॅक पत्ता हवेत उघडाच फिरतो आणि कुणालाही त्याची नक्कल करता येते, त्यामुळे राखण होत नाही आणि तुमच्याच माणसांची अडवणूक होते.

आम्ही काय करतो

आम्ही नेटवर्कचे भाग पाडतो. ऑफिसचे संगणक आणि प्रिंटर एका बाजूला, कॅमेरे दुसऱ्या, आणि पाहुण्यांचं वायफाय तिसऱ्या. पाहुण्यांच्या बाजूला 'आयसोलेशन' चालू ठेवतो, म्हणजे प्रतीक्षागृहातल्या एका पेशंटच्या फोनला दुसऱ्याचा फोन दिसत नाही आणि तुमचा प्रिंटर तर नाहीच. तुम्हाला जे 'लपणं' हवं असतं ते इथे मिळतं. यात एक गैरसोय आहे ती आधीच सांगतो: पाहुण्यांच्या वायफायवरून ऑफिसच्या टीव्हीवर फोनचा पडदा दाखवता येत नाही. त्यासाठी ऑफिसच्या वायफायवर यावं लागतं.

"ऑनलाइन निम्म्या किमतीत राउटर मिळतो, तुमचा महाग का?" असं विचारलं जातं. ज्या राउटरमध्ये असे भाग पाडता येतात आणि ज्याला सुरक्षेचे अपडेट येत राहतात, तेच आम्ही बसवतो. फरक तिथे आहे.

पाहुण्यांच्या वायफायलाही आम्ही पासवर्ड ठेवतोच. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या स्फोटांच्या काही मिनिटं आधी आलेला धमकीचा ई-मेल नवी मुंबईत सानपाड्यातल्या एका घरातल्या उघड्या वायफायवरून गेला होता, आणि चौकशीला तिथे राहणाऱ्या माणसाला सामोरं जावं लागलं. त्याचा त्यात काही संबंध नव्हता.

पासवर्ड म्हणून मोबाइल नंबर ठेवू नका. डब्ल्यूपीए२ या वायफाय सुरक्षेच्या प्रकारात जोडणीच्या वेळचा संवाद पकडून नंतर निवांतपणे पासवर्ड ताडून बघता येतो, आणि दहा आकडी मोबाइल नंबर शोधणं चांगलं ग्राफिक्स कार्ड असलेल्या संगणकाला एका दिवसाचंही काम नाही. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द घ्या, मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिले तरी चालतात. उपकरणं नवी असतील तर आम्ही डब्ल्यूपीए३ हा त्याच्या पुढचा प्रकार चालू करतो, त्यात असं नंतर ताडून बघता येत नाही. डब्ल्यूपीएसचं, म्हणजे पासवर्ड न टाकता उपकरण जोडण्याचं बटण आम्ही बंद ठेवतो, ते परत चालू करू नका.

नाव दिसू द्या, पण त्यात 'डॉ. अमुक, पहिला मजला' असं काही नको. साधं, कुणाचा पत्ता न लागणारं नाव ठेवा. फोनचं आणि लॅपटॉपचं नावही बदला. राउटरच्या यादीत बऱ्याचदा माणसाचं पूर्ण नाव आणि पुढे 'आयफोन' असं झळकतं. आयफोनमध्ये 'जनरल'मधल्या 'अबाउट'मध्ये ते बदलतं, विंडोजमध्ये 'सिस्टिम'मधल्या 'अबाउट'मध्ये.

काम झाल्यावर आम्ही जोडलेल्या सगळ्या उपकरणांची छापील यादी देतो: पत्ता, उपकरण, कुठे ठेवलं आहे. ती राउटरजवळ न चिकटवता कपाटात ठेवा. वार्षिक देखभाल घेतलेल्या ग्राहकांकडे आम्ही दर भेटीत ही यादी पुन्हा ताडून बघतो, आणि यादीत नसलेलं उपकरण सापडलं तर तिथेच विचारतो.

"नेट गेलं" म्हणून फोन करण्याआधी एवढं बघा: राउटरच्या सेटिंगला कुणी हात लावला होता का, आणि फोनच्या यादीत तुमच्या वायफायचं नाव दिसतंय का. दिसत नसेल तर राउटर रीसेट करू नका, त्याने आम्ही पाडलेले भागही पुसले जातात. आम्हाला फोन करा. नाव परत दाखवणं पाच मिनिटांचं काम आहे, ते आम्ही फोनवरच सांगतो आणि त्याचे पैसे घेत नाही.