चकचकीत लोखंडाला फ्लॅश लागतोच का?

“काळ्या, चकचकीत वस्तूचा फोटो नीट हवा तर फ्लॅश मारावाच लागतो,” हा सल्ला हौशी मंडळींत वर्षानुवर्षं फिरतो आहे. दसऱ्याला पूजेत मांडलेल्या जुन्या ठासणीच्या बंदुकीच्या फोटोंत त्याचा परिणाम दिसतो: नळीवर पांढराफटक ठिपका, बाकी सगळं काळंकुट्ट.

सल्ला पटण्यासारखा आहे. अंधारलं की उजेड वाढवावा, असं कुणालाही वाटेल. पण घासूनपुसून गुळगुळीत केलेला धातू आरशासारखा वागतो, समोर असेल तेच दाखवतो. फ्लॅश अगदी लहान, म्हणून नळीवरही ठिपकाच उमटतो. खिडकी मोठी असते. तिचं प्रतिबिंब नळीच्या लांबीभर सलग पट्टा होऊन पसरतं आणि गोलाई दिसू लागते.

पडताळायला बंदूक कशाला, स्टीलचा डाव पुरे. एक फोटो फ्लॅशने काढा. मग फ्लॅश बंद करून डाव खिडकीशी ठेवा, विरुद्ध बाजूला पांढरा पुठ्ठा उभा करा. पुठ्ठा हलवला की उजळ पट्टाही सरकतो. (खरी बंदूक असेल तर ती रिकामी असल्याची खात्री मालकाकडून आधी करून घ्या.)

“डाग एडिटिंगमध्ये काढू” हेही फसवं. जो भाग पूर्ण पांढरा झाला, तिथला तपशील नोंदलाच गेलेला नसतो. किंचित अंधारा फोटो मात्र नंतर बराच उजळता येतो. शिवाय फ्रेमभर काळं दिसलं की कॅमेरा आपणहून उजेड वाढवतो, म्हणून एक्सपोजर (फोटो किती उजळ यावा, ते ठरवणारं सेटिंग) एक पायरी खाली, म्हणजे -१ वर ठेवा.