उत्तराचा वेग आणि गोष्टीचा वेग: लाइव्ह सीन आणि पोस्टवरचा रोलप्ले

'ग्रुप थंड पडलाय' ही तक्रार मराठीतून रोलप्ले (प्रत्येकानं एकेक पात्र घेऊन लिहीत-लिहीत गोष्ट रचायचा खेळ) खेळणाऱ्या ग्रुपांत कुणी ना कुणी सारखं करत असतं. तक्रार करणारा बहुधा लाइव्ह सीनमध्ये तयार झालेला असतो आणि नुकताच पोस्टवरच्या खेळात, म्हणजे ज्याला जेव्हा जमेल तेव्हा पोस्ट टाकून खेळायच्या प्रकारात, आलेला असतो. सकाळी टाकलेल्या पोस्टला दुपारपर्यंत उत्तर आलं नाही की तो 'कुणी आहे का?' लिहितो. तासाभरानं 'मग?' लिहितो. संध्याकाळी स्वतःच पुढची पोस्ट टाकून सगळ्या पात्रांना नदीपलीकडच्या गावात नेऊन ठेवतो. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत दुसरी पाळी करून रात्री घरी आलेला गडी मोबाइल उघडतो, तर त्याच्या पात्रानं त्याला न विचारताच मलप्रभा ओलांडलेली असते. तो दोन दिवस गप्प राहतो आणि मग ग्रुप सोडतो. हा खेळ संथपणानं मोडला असं सगळे म्हणतात. खरं तर तो घाईनं मोडलेला असतो.

लाइव्ह सीन काय असतो ते तुम्हाला ठाऊक आहे. सगळे एकाच वेळी ऑनलाइन, वाक्य-दोन वाक्यांच्या पोस्ट, समोरचा टाइप करतोय हे खाली दिसतं, दोन तासांत प्रसंग संपतो. एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ यांनी १९७८ साली सुरू केलेला आणि रिचर्ड बार्टल यांनी पुढे नेलेला 'मड' हा शब्दांतून खेळायचा खेळ, मग १९८८ पासूनचं आयआरसी हे इंटरनेटवरच्या गप्पांचं साधन, आणि आता डिस्कॉर्ड हे ग्रुपगप्पांचं अ‍ॅप, असा त्याचा प्रवास. त्या परंपरेतला एक नियम मला फार आवडतो आणि तो आपल्याकडे कुणी पाळत नाही: मोठ्या सीनमध्ये आपण एकदा लिहिलं की आणखी तिघांचं लिहून होईपर्यंत पुन्हा लिहायचं नाही. लाइव्हमध्येसुद्धा थांबणं असतं, एवढं त्यावरून कळतं.

पोस्टवरच्या खेळाचं कूळ निराळं. तो टपालातून आला. पत्रानं बुद्धिबळ खेळणं जुनंच. 'डिप्लोमसी' हा सैन्यं हलवायचा पटावरचा खेळ जॉन बोर्डमन यांनी १९६३ साली एका हौशी पत्रिकेतून टपालानं खेळवायला घेतला, आणि १९७० साली रिक लूमिस यांनी टपालाच्या खेळांचा धंदाच उभा केला. पत्र पोचायला चार दिवस लागतात हे गृहीत धरूनच या खेळांचे नियम बनले. एक चाल पाठवायची ती पुरी विचार करून, कारण 'म्हणजे काय?' असं विचारायला पुन्हा पत्रच लिहावं लागणार. आज पोस्ट क्षणात पोचते, पण वाचणारा क्षणात मोकळा होत नाही. नियम म्हणूनच तसेच राहिले.

पोस्ट 'मी'नं लिहायची की 'तो'नं, वर्तमानकाळ की भूतकाळ, पात्राबाहेरचं बोलणं कंसात की वेगळ्या चॅनलवर, हे फरक फुटकळ आहेत. ग्रुपनं एकदा ठरवावं आणि विषय मिटवावा. त्यावर आठवडाभर वाद घालणारे ग्रुप मी बघितलेत, ती शक्ती वाया जाते.

अडतं ते एकाच ठिकाणी. उत्तर किती लवकर येतं आणि गोष्ट किती पुढे सरकते, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. लाइव्हमध्ये त्या एकमेकींना बांधलेल्या असतात: उत्तरं भराभर आली की गोष्टही पळते. त्यामुळे लाइव्ह खेळणाऱ्याला त्या दोन आहेत हेच कधी जाणवत नाही. पोस्टवरच्या खेळात ती गाठ सुटलेली असते. दिवसाला एकच पोस्ट पडूनही गोष्ट धावू शकते, आणि तासात पन्नास पोस्ट पडूनही ती जागची हलत नाही.

उदाहरण आपल्याच भागातलं घेतो. चौघं प्रवासी एक कागद घेऊन खानापूरच्या जंगलातून भीमगडाकडे निघालेत: एक वाटाड्या, एक वैद्यीण, एक सरदार आणि त्याचा शिलेदार. पाऊस लागला म्हणून ते बारापेडेच्या गुहेशी थांबलेत. (गुहा खरी आहे, आणि रॉटन्स फ्री-टेल्ड बॅट या दुर्मिळ वटवाघळाचं ते घर आहे. तिथली शांतता गोष्टीतच अनुभवावी, प्रत्यक्षात जाऊन वटवाघळांना त्रास देऊ नये.) आता लाइव्हची सवय असलेली दोघं लिहितात:

'मी गुहेत डोकावतो.'
'काय दिसतंय?'
'अंधार.'
'मग?'
'आत जाऊ काय?'
'जा की.'

लाइव्हमध्ये याला दोन मिनिटं लागतात आणि मजाही येते. पोस्टवरच्या खेळात याचे दोनच शेवट होतात. दोघं दिवसाला एकेक ओळ लिहिणार असतील तर गुहेच्या तोंडाशीच आठवडा गेला. दोघं एकाच बैठकीत सगळं उरकणार असतील तर वैद्यीण आणि शिलेदार खेळणारी माणसं परत येईपर्यंत या दोघांनी गुहा धुंडाळून, पेटी शोधून, भांडणही करून झालेलं असतं. पहिल्या प्रकाराला लोक 'संथ' म्हणतात आणि दुसऱ्याला 'अ‍ॅक्टिव्ह'. माझ्या मते दोन्हींत दोष एकच: पोस्टीत काही नव्हतं.

हीच चाल पोस्टवरच्या खेळात अशी लिहावी:

'वाटाड्या मशाल खाली धरून आत शिरला. वटवाघळं उठली तर जमिनीला टेकून ती निघून जाईपर्यंत थांबायचं, नाही उठली तर पहिल्या वळणापर्यंत जाऊन बघून यायचं, असं त्यानं ठरवलं होतं. तोंडाशीच ओल्या मातीत त्याला बुटाचा ठसा दिसला. या चौघांत बूट कुणाच्याच पायात नव्हते. तो वळून हलक्या आवाजात म्हणाला, "अक्का, जरा हिकडं ये बघू. आपल्या आधी कोण तरी येऊन गेलंय."'

यात काय झालं ते बघा. 'काय दिसतंय' याचं उत्तर कुणी विचारण्याआधीच मिळालं. वटवाघळं उठतील की नाही हे जीएमच्या (खेळ चालवणाऱ्या गेममास्टरच्या) हातात आहे, पण दोन्ही शक्यतांचं उत्तर पोस्टीतच असल्यामुळे जीएमला 'मग तू काय करतोस?' असं परत विचारावं लागणार नाही, म्हणजे एक आख्खा दिवस वाचला. आणि शेवटी वैद्यिणीच्या हातात दोर दिलाय. ती येईल, येणार नाही, आधी सरदाराला सांगेल, ठसा कुणाचा ते ओळखेल, काहीही करेल. तिला लिहायला जागा आहे. बुटाचा ठसा खेळाडूनं स्वतःहून निर्माण करावा की नाही, हे जीएमनं आधी सांगून ठेवलेलं असावं. मुभा नसेल तर 'जमिनीवर काही खुणा दिसतात का ते त्यानं बघितलं' एवढ्यावर थांबायचं.

आता याच्या शेजारची, दिसायला अगदी सारखी पोस्ट: 'वाटाड्यानं हाक मारली तशी अक्का घाबरून त्याच्या मागोमाग आत आली.' लिहिणाऱ्याला वाटतं आपण गोष्ट पुढे नेली. त्यानं दुसऱ्याचं पात्र उचलून नेलं. घाबरायचं की नाही हे वैद्यीण खेळणारी बाई ठरवेल. आपल्या पात्राच्या चार शक्यता लिहिणं हा समंजसपणा, दुसऱ्याच्या पात्राची एकही लिहिणं ही घुसखोरी. 'वेळ वाचावा म्हणून केलं' ही सबब मी तरी ऐकून घेत नाही. मारामारीतही तेच. 'मी वार करतो, तो हटला नाही तर खांद्यावर बसेल' हे चालतं. 'मी त्याचा खांदा फोडतो' हे चालत नाही.

मारामारीत घोळ सर्वांत जास्त होतो, कारण तिथे गोष्टीचा काळ फारच बारीक कापलेला असतो. डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून खेळायच्या रोलप्लेच्या पाचव्या आवृत्तीत लढाईची एक फेरी म्हणजे सहा सेकंद. पाच फेऱ्यांची चकमक म्हणजे गोष्टीतलं अर्धं मिनिट. टेबलाभोवती बसून ती तासाभरात होते. पोस्टवर प्रत्येकानं ठरलेल्या क्रमानं आपल्या पाळीची वाट बघितली तर तेवढ्यात महिना जातो. म्हणून जाणते जीएम क्रमच ढिला करतात: शत्रू सगळे एकदम, खेळाडू सगळे एकदम, खेळाडूंनी आपापसात ज्याला जेव्हा जमेल तेव्हा लिहावं, आणि दोन दिवसांनी जीएम फेरी बंद करणार. लाइव्हचा क्रम जसाच्या तसा पोस्टवर आणणारे जीएम चांगल्या गोष्टी मारून टाकतात.

दोघांना मोकळा वेळ आहे आणि संवाद रंगलाय, तेव्हा काय करायचं? पंगतीत ज्याचं जेवण आधी झालं तो हात वाळवत बसतो, पण शेवटचं पान होईपर्यंत उठत नाही. पोस्टवरच्या खेळातली रीत तीच आहे. दोघांनी हवं तर बाजूला खासगीत बसून तो संवाद लिहावा, ओळीवर ओळ, लाइव्हच्या वेगानं. झाल्यावर त्याची एकच सलग पोस्ट करून दोघांच्या नावानं टाकावी. वाचणाऱ्याला चार परिच्छेद वाचावे लागतात, ऐंशी मेसेज उपसावे लागत नाहीत. डिस्कॉर्डवर सामान्य वापरणाऱ्याला एका मेसेजला दोन हजार अक्षरांची मर्यादा आहे, एवढ्यात बहुतेक प्रसंग बसतो. बसत नसेल तर काटछाट करावी. सूर्यास्ताचं वर्णन पंधरा ओळी आणि पात्राची कृती अर्धी ओळ, अशी पोस्ट मला एका ओळीच्या पोस्टीइतकीच खटकते. लांबी म्हणजे आशय नव्हे, आणि पुढच्या माणसाला त्या सूर्यास्ताला काय उत्तर द्यावं हे कळत नाही.

मी या बाबतीत इतका आग्रही आहे त्याला आपल्या भागातलं एक कारण आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची कितीतरी पोरं घरात मराठी बोलतात आणि शाळा कन्नड किंवा इंग्रजी माध्यमातून शिकलेली असतात. बोलायला तोंड चालतं, गोष्ट सांगायला कुणाला ऐकत नाहीत, पण देवनागरीत टाइप करायला त्यांना दुपटीनं वेळ लागतो. लाइव्ह सीनमध्ये त्यांचं एक वाक्य लिहून होईपर्यंत बाकीचे तीन वाक्यं पुढे गेलेले असतात, आणि हळूहळू ती नुसती वाचत बसतात. पोस्टवरच्या खेळात तीच पोरं फुलतात. 'काय करूलालास बे' म्हणणारा सरहद्दीवरचा चौकीदार त्यांच्याइतका खरा कुणी लिहू शकत नाही. त्यांना दिवसभराची मुदत मिळाली पाहिजे, आणि ती मिळते ती बाकीच्यांनी हात आवरला तरच. डिस्कॉर्डवर स्लो मोड लावून एका माणसाच्या दोन मेसेजमध्ये सहा तासांपर्यंत अंतर ठेवता येतं. नव्या ग्रुपांनी सुरुवातीला तो लावावा असं माझं स्पष्ट मत आहे. सवय लागली की काढून टाकता येतो.

शांततेचा अर्थही दोन्हीकडे वेगळा. लाइव्हमध्ये दहा मिनिटं गप्प म्हणजे माणूस उठून गेला. पोस्टवर एक दिवस गप्प म्हणजे काहीही नाही. कणकुंबी-जांबोटीकडे पावसाळ्यात वीज गेली की मोबाइलही जातो, कुणाची पीयूसीची परीक्षा असते, कुणाच्या उसाला तोड आलेली असते. 'कुणी आहे का?' हा मेसेज खेळाच्या चॅनलवर कधीच टाकू नये. ठरलेली मुदत उलटली असेल तर त्या माणसाला खासगीत एकदा विचारावं, तेही 'तुझ्यामुळे अडलंय' असं न म्हणता. ज्याला सुट्टी हवी त्यानं एक ओळ टाकून जावी: 'रविवारपर्यंत नाही.' कारण सांगायची गरज नाही.

आधी टाकलेली पोस्ट बदलण्याबद्दल एवढंच: पुढच्यानं उत्तर दिल्यावर शुद्धलेखनाखेरीज काही बदलू नये. टेलिग्रामवर दोन दिवसांपर्यंत बदलता येतं म्हणून बदलावंच असं नाही.

मुदत संपूनही जो लिहीत नाही त्याच्या पात्राचं काय करायचं, याचं उत्तर डिप्लोमसीत आहेच: ज्या सैन्याला हुकूम मिळाला नाही ते जागच्या जागी उभं राहतं. मरत नाही, पळत नाही, दुसऱ्याच्या कामाला लागत नाही. रोलप्लेमध्ये जीएमनं तसंच करावं. शिलेदार गुहेच्या तोंडाशी पहारा देत थांबला, एवढं एक वाक्य लिहावं आणि बाकीच्यांना पुढे जाऊ द्यावं. खेळाडू परत आला की तो तिथूनच उचलेल. खेळ सुरू करतानाच प्रत्येकाकडून एक ओळ लिहून घेतली, 'मी नसलो तर माझं पात्र साधारण असं वागेल', तर जीएमचं काम आणखी सोपं होतं. दोन मुदती लागोपाठ चुकल्या तर पात्राला कामगिरीवर मागे पाठवावं, नंदगडच्या बाजारात धान्य आणायला म्हणा, आणि माणसाला तसं कळवावं. परत यायची वाट उघडी राहते, आणि उरलेल्या तिघांना कुणासाठी खोळंबून बसावं लागत नाही.