रुबेला सर्वेक्षण

एखाद्या प्रदेशात ठरावीक काळात रुबेला या विषाणूजन्य आजाराचे नवे रुग्ण किती, कुठे आणि कोणत्या वयात आढळले याची सातत्याने नोंद ठेवणारी सार्वजनिक आरोग्य यंत्रणा. रुग्णदर सहसा दर १० लाख लोकसंख्येमागे सांगतात.

आजार एरवी किरकोळ : थोडा ताप, पुरळ, कानामागे गाठी. २० ते ५० टक्के संसर्गांत तर लक्षणेच दिसत नाहीत. मोजदाद करायची ती गर्भातल्या बाळासाठी. ऑस्ट्रेलियातील नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ मध्ये तान्ह्या मुलांच्या मोतीबिंदूचा संबंध आईला गरोदरपणी झालेल्या रुबेलाशी जोडला. बहिरेपणा आणि हृदयदोष हेही त्याचेच परिणाम.

गोवर आणि रुबेला नुसत्या पुरळावरून ओळखणे अवघड, म्हणून दोन्हींचे सर्वेक्षण एकत्रच चालते. ताप व पुरळ असलेला रुग्ण संशयित धरून त्याच्या रक्तात आयजीएम, म्हणजे ताज्या संसर्गात तयार होणारी, प्रतिपिंडे शोधतात. पुरळ उठल्याच्या दिवशीच रक्त घेतले, तर रुबेलाच्या सुमारे निम्म्या रुग्णांत ती सापडत नाहीत; पाच दिवसांनंतरचा नमुना अधिक भरवशाचा. रोग दुर्मीळ झाला की उलटी अडचण येते. पार्व्होव्हायरस बी१९ सारख्या, पुरळ आणणाऱ्या दुसऱ्या विषाणूच्या संसर्गातही चाचणी चुकून सकारात्मक येते. घशातील स्रावावरून विषाणूचा जनुकीय प्रकार कळला, तर तो बाहेरून आला असावा का याचा माग लागतो.

रुग्ण कमी नोंदले गेले म्हणजे रोग कमी आहे, असे मुळीच नाही. कदाचित कोणी शोधलेच नसतील. म्हणून खरी कसोटी बाद ठरलेल्या रुग्णांची. वर्षाला दर लाख लोकसंख्येमागे किमान २ संशयित तपासाअंती ‘गोवर नाही, रुबेलाही नाही’ असे ठरावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची अपेक्षा असते.

वय आणि लिंग यांची नोंद किती बोलकी असते, हे जपानमध्ये दिसले. तेथे १९७७ पासून बरीच वर्षे लस फक्त मुलींना दिली जात होती. २०१२-१३ च्या साथीत रुग्ण प्रामुख्याने प्रौढ पुरुष निघाले, आणि त्या साथीतून ४५ बाळे जन्मजात रुबेला घेऊन आली.

अशा बाळांचा शोध स्वतंत्रपणे, निवडक रुग्णालयांच्या नेत्र, हृदय व श्रवण विभागांतून घेतला जातो. त्यांच्या शरीरातून वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ विषाणू बाहेर पडू शकतो. त्यामुळे नोंद झाल्यावरही त्यांचे नमुने पुन्हापुन्हा तपासतात. अमेरिका खंडांतील रुबेलाचा स्थानिक प्रसार थांबल्याचे एप्रिल २०१५ मध्ये जाहीर झाले. असा मान मिळवणारा तो जागतिक आरोग्य संघटनेचा पहिला विभाग.